शाळेच्या ऑफिससाठी स्वतंत्र सर्व्हर कसा निवडावा?



आजचा विषय वर्गातला नाही, ऑफिसातला आहे. पण त्याचा संबंध थेट आपल्या मुलांच्या नोंदींशी येतो, म्हणून शेवटपर्यंत नक्की वाचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, निकालाच्या आठ दिवस आधी, आमच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडली. चार वर्गांची निकालपत्रकं त्यातच होती आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. आम्ही सगळे नोंदवह्या घेऊन दोन रात्री बसलो आणि आकडा न् आकडा पुन्हा भरला. वह्या होत्या म्हणून निभावलं. पण मुलांच्या प्रकल्पांचे वर्षभराचे फोटो गेले ते गेलेच. जूनमध्ये एका मुलाची आई दाखला न्यायला आली आणि तिने ते फोटो मागितले. काय सांगावं, मला कळेना.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. चला तर मग, सोप्या भाषेत पाहूया.

सर्व्हर म्हणजे काय?

ऑफिसातलं दप्तराचं कपाट आठवा. प्रत्येकाने रजिस्टर आपापल्या घरी ठेवलं तर काय गोंधळ होईल! सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फायली ठेवण्याचं एकच कपाट. कोणता कप्पा कोणी उघडायचा, हेही तिथे ठरवता येतं. 'स्वतंत्र' म्हणजे त्या कॉम्प्युटरवर दुसरं काम करायचं नाही. त्यावर टायपिंग नको आणि पेन ड्राइव्ह लावणंही नको.

आधी गरज मोजा

एक गणित करू. १००० विद्यार्थी, प्रत्येकाची १० स्कॅन केलेली पानं, म्हणजे १०,००० पानं. एक पान ५०० केबी धरलं तर सगळे मिळून साधारण ५ जीबी. कागदपत्रांना जागा कमीच लागते. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. म्हणून दुकानात जाण्याआधी आपलं गणित आपणच मांडा.

ऑफिसात दोन-तीनच कॉम्प्युटर असतील आणि फक्त फायली ठेवायच्या असतील, तर 'नास' नावाची छोटी पेटी पुरते. पाच-दहा कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारं एखादं सॉफ्टवेअर असेल, तर टॉवर सर्व्हर घ्या. तो कोपऱ्यात उभा राहतो, त्याला रॅक लागत नाही.

निवडताना काय पाहावं?

१. डिस्क: एक नको, दोन घ्या आणि 'रेड १' पद्धतीने जोडा. प्रत्येक फाईल दोन्हींवर लिहिली जाते. एक बिघडली तरी काम थांबत नाही.

२. मेमरी: 'ईसीसी' प्रकारची घ्या. ती साठवताना झालेली एका बिटची चूक स्वतःच दुरुस्त करते. एवढ्या ऑफिसला १६ जीबी पुरे.

३. प्रोसेसर: फायली देण्या-घेण्याचं काम हलकं असतं. चार कोअरचा साधा प्रोसेसर चालतो. इथे वाचलेले पैसे डिस्क आणि यूपीएससाठी ठेवा.

४. नेटवर्क: स्विच गिगाबिटचाच घ्या. १ जीबीची फाईल जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवरून जायला किमान ८० सेकंद लागतात, गिगाबिटवर साधारण ८. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा जास्त नको.

५. यूपीएस: वीज अचानक गेली तर लिहिली जात असलेली फाईल खराब होऊ शकते. यूएसबी केबलने सर्व्हरला जोडता येणारा यूपीएस घ्या. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला तसं कळवतो आणि सर्व्हर नीट बंद होतो.

६. सॉफ्टवेअर: विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत मूळ किमतीशिवाय प्रत्येक वापरणाऱ्याचं किंवा प्रत्येक कॉम्प्युटरचं वेगळं लायसन्स लागतं. हा खर्च आधीच विचारून घ्या. डेबियन किंवा उबुंटू आणि त्यावर सांबा हे मोफत आहे, विंडोजच्या कॉम्प्युटरनाही चालतं. पण गावात ते सांभाळणारं कोणी आहे का, हे आधी पाहा.

सगळ्यात मोठा गैरसमज

"दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप आहे." नाही हो! चुकून फाईल डिलीट केली, तर ती दोन्ही डिस्कवरून जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद केल्या, आणि तो नेटवर्कवरूनच पसरत होता. अशा वेळी वाचवते ती वेगळी काढून ठेवलेली कॉपी. म्हणून ३-२-१ चा नियम पाळा: तीन कॉपी, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक शाळेच्या बाहेर. सुरक्षेचे अपडेट वेळेवर करा आणि फायलींचा सर्व्हर थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका.

जागाही महत्त्वाची. खडूची धूळ, पोषण आहाराच्या खोलीतली वाफ, पावसाळ्यात गळणारी भिंत, या तिन्हींपासून सर्व्हर लांब ठेवा. खोलीला कुलूप हवंच.

आजचा गृहपाठ (आपल्यासाठी!)

उद्या ऑफिसात जा. एका विद्यार्थ्याची गेल्या वर्षीची फाईल निवडा आणि ती बॅकअपमधून उघडून दाखवायला सांगा. उघडली, तर उत्तम. नाही उघडली, तर सर्व्हर नंतर घ्या. आधी एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि आजच कॉपी करा. पालकांनीही शाळेत हा प्रश्न जरूर विचारावा. नोंदी शेवटी त्यांच्याच मुलांच्या आहेत.