किल्ली फिरविण्यापूर्वी

नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, एखाद्याने दारू पिऊन गाडी चालविली, पण अपघात झालाच नाही, तर शिक्षा कशाची?" प्रश्न वरवर भाबडा दिसतो, परंतु सर्व कायद्याचे मर्म त्यात आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे विस्ताराने देण्याचे योजिले आहे.

आपल्या अंतरवाली सराटीहून वडीगोद्रीस गेले की धुळे-सोलापूर महामार्ग लागतो. गळिताच्या हंगामात त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर, मालमोटारी, मोटारसायकली आणि पायी चालणारी माणसे यांची एकच दाटी असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर तोडते. मद्य पोटातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाते, आणि मेंदूचे कार्य मंदावते. चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास केवळ अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला, तरी गाडी 8 मीटर अधिक पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या बालकाचे जीवन-मरण तेवढ्याच अंतरावर अवलंबून असते!

'मी शुद्धीवर आहे' असे पिणारा नेहमीच म्हणतो. म्हणून कायदा त्याच्या शब्दावर न विसंबता मापावर विसंबतो. रक्तातील मद्याचे प्रमाण आकड्याने ठरविणारा कायदा नॉर्वे देशाने 1936 साली केला. आपल्या देशात मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 185 अन्वये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास वाहन चालविणे, किंबहुना चालविण्याचा प्रयत्न करणे, हाच गुन्हा होय. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही मर्यादा 80, तर यूटा राज्यात 50 मिलिग्रॅम आहे; म्हणजे आपला कायदा त्याहून कडक आहे. मोटारसायकल व ट्रॅक्टर यांसही तो लागू आहे.

2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास 6 महिन्यांपर्यंत कारावास, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही; पुन्हा तोच गुन्हा घडल्यास 2 वर्षांपर्यंत कारावास, किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय न्यायालय परवान्यास अपात्र ठरवू शकते. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास आपल्यासमक्ष असा गुन्हा करणाऱ्यास वॉरंटावाचून अटक करता येते. मात्र अटकेपासून 2 तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सबळ कारणावाचून तपासणीस नकार दिल्यास तो नकारही त्याच्याविरुद्ध पुराव्यात मांडता येतो.

परंतु अपघात घडल्यानंतरची शिक्षा काय परत आणते? 12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. 7 जण मरण पावले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. प्रथम न्यायालयाने ती निष्काळजी ठरवून 6 महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध मानून 3 वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्याय झाला, पण त्या मजुरांपैकी एकही आपल्या घरी परतला नाही.

पालकांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. 19 मे 2024 रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार 17 वर्षांचा मुलगा मद्यप्राशन करून चालवीत होता, असा आरोप आहे. जामिनाच्या अटींत त्यास 300 शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले गेले, तेव्हा सर्वत्र संताप उसळला. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम 199 अ अन्वये पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. आपल्याला ते ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्यास सिद्ध करता आले नाही, तर 3 वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द होते, आणि मुलास वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. तात्पर्य, किल्ली देणारा हातही कायद्यास दिसतो.

विद्यार्थिमित्रहो, आता त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्याल. अपघात टळला हा योगायोग. गुन्हा मात्र किल्ली फिरविली तेव्हाच घडला. लग्नकार्याहून वा बाजाराहून परतताना घरातील वडीलधाऱ्या माणसाने मद्य घेतले असेल, तर त्याच्यामागे बसू नका. नम्रपणे किल्ली मागून घ्या, आणि न प्यालेल्या जाणत्या माणसाच्या हाती द्या. कोणी नसेल तर रात्र तेथेच काढा. हा उद्धटपणा नव्हे. आपल्या माणसाचा जीव आणि वाटेवरच्या परक्याचा जीव, दोन्ही राखण्याचे हे कर्तव्य होय.