खोली बघायची ती भरदुपारी

भाड्याची खोली बघायला भरदुपारी जा. आत शिरताच एजंट दिव्याचं बटण दाबतो. त्याला ते बंद करायला सांगा. मग खिडकी उघडा. हात बाहेर काढल्यावर समोरच्या इमारतीची भिंतच हाताला लागत असेल, तर भाडं कितीही कमी असो, दुसरी खोली बघा.

नवऱ्याच्या कामासाठी आम्ही धाराशिव जिल्ह्यातून मुंबईत आलो. परवडली ती खोली गोवंडीत, एका पुनर्वसन इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे, पावसाळ्यातली ओल दिवाळीपर्यंत हटत नसे. माझा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला. बेडका तपासला, क्षय निघाला.

क्षयाचा जंतू खोकल्यातून हवेत येतो. खेळत्या हवेत तो विरतो, उन्हात मरतो. कोंदट खोलीत मात्र तासन्‌तास तरंगत राहतो. गोवंडीतल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. इमारती इतक्या खेटून उभ्या, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षय तिथेच जास्त. यातली कित्येक घरं लोकांना झोपडीच्या बदल्यात हक्काची म्हणून मिळालेली आहेत. तेव्हा कर्ज काढून घर घेणार असाल, तरी खिडकीची परीक्षा सोडू नका.

भाडेकरूच्या वाट्याला आजाराबरोबर भीतीही येते. मालकाला कळू नये म्हणून मी तोंडात पदर कोंबून खोकायची, गोळ्यांची रिकामी पाकिटं कागदात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकायची. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे जाणंही मी बंद केलं. तरी कुणकुण लागलीच, आणि करार संपायच्या आत खोली सोडा म्हणून निरोप आला. करार नुसत्या स्टँप पेपरवरचा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केलेली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे आम्हाला समजलं तोवर सामान टेम्पोत चढलं होतं.

उपचार मात्र तुटू दिले नाहीत. क्षयाच्या सरकारी कार्यक्रमात नोंद होताच प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. घर बदलताना दवाखान्यात सांगा. उपचार नव्या पत्त्याजवळच्या केंद्राकडे वर्ग होतात, औषधं फुकट मिळतात आणि आहारासाठीचे महिना १००० रुपये बँक खात्यात येत राहतात. रेशनकार्ड गावाकडचं असलं, तरी आधार जोडलेलं असेल तर अंगठा लावून मुंबईतल्या दुकानात धान्य घेता येतं. खोली गेली की सगळंच गेलं असं वाटून पुष्कळजण गाव गाठतात आणि गोळ्या अर्ध्यावर सोडतात. कृपा करून तसं करू नका. अर्धवट उपचारांनंतरचा क्षय औषधांनाही दाद देईनासा होऊ शकतो.

राहिला मताचा प्रश्न. गटार तुंबल्याची तक्रार घेऊन पुढाऱ्याकडे गेलं, की आधी विचारतात, मत इथलं का गावचं? मतदार यादीतला पत्ता अर्ज क्रमांक ८ भरून बदलता येतो आणि नोंदणीकृत भाडेकरार त्याला पुरावा म्हणून चालतो. म्हणून नव्या खोलीच्या वेळी नोंदणीचा अर्धा खर्च आम्ही उचलला, पण करार नोंदवून हातात येईपर्यंत डिपॉझिट दिलं नाही.