तारेत बसवलेला खडा

एकलहऱ्याच्या शेतात नांगर फिरला की मातीबरोबर गारा वर येतात. गोदावरीच्या काठालाही सापडतात. आपण त्या भिरकावतो नाहीतर लगोरीत लावतो. माझी ताई मात्र त्याच गारांचे दागिने करते. ती गारेला भोक पाडत नाही, डिंक लावत नाही, सोनारासारखा डागही देत नाही. नुसत्या तारेत खडा आवळून बसवते. मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसते. आता मलाही साधे पदक येते, म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधी खड्याची माहिती सांगते. आपला मुलूख काळ्या दगडाचा. गुरुजींनी सांगितले की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या, जशी ढोकळ्यात छिद्रे असतात. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेले पदार्थ हळूहळू आत साचले आणि त्यांचे खडे झाले. दगड झिजला की खडे सुटतात आणि पुरात वाहत येतात.

सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. तिथे हिरवट अपोफिलाइट, फिकट गुलाबी स्टिल्बाइट आणि सुयांच्या जुडीसारखा पांढरा स्कोलेसाइट ठेवलेला आहे. बघून डोळे दिपतात! पण ताई म्हणते, हे बघायचे खडे, घालायचे नव्हेत. ते मऊ असतात. तारेने आवळले तर टवका उडतो. घालायला अकीक बरा. अकीक म्हणजे तांबडी, पिवळट किंवा करडी, पट्ट्यापट्ट्यांची गार. पांढरी गारगोटीपण चालते.

खडा कठीण की मऊ हे ओळखायची युक्ती सोपी आहे. फुटक्या बाटलीची काच मोठ्या माणसाकडून जमिनीवर ठेवून घ्यावी आणि तिच्यावर खडा ओढावा. काचेवर ओरखडा उठला तर गार कठीण. अकीक ओरखडा पाडतो, स्टिल्बाइट पाडत नाही. अजून एक गंमत आहे. दोन पांढऱ्या गारगोट्या अगदी काळोखात एकमेकींवर जोरात घासा, आतून उजेड चमकतो. माझ्या भावाला ते खोटे वाटले होते, मग त्याला पांघरुणात घालून दाखवले.

ताई खड्यांना भोक पाडत नाही ह्याचे एक कारण म्हणजे आमच्याकडे यंत्र नाही. दुसरे कारण मोठे आहे. गार कापताना, घासताना जी बारीक धूळ उडते ती श्वासातून छातीत जाते आणि बाहेर येत नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी करण्याचे काम फार जुने आहे. तिथे खडे घासणाऱ्या पुष्कळ माणसांना ह्या धुळीने सिलिकोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग झाला. तो बरा होत नाही. म्हणून आम्ही नदीने गुळगुळीत केलेलेच खडे घेतो. एखादी कड बोचत असेल तर ताई ती बादलीत, पाण्याखाली धरून घासते. कोरडी कधीच नाही.

आता तार. तार तांब्याची घ्यावी. मोटार भरून देणाऱ्या दुकानात नव्या तारेचे उरलेले तुकडे वजनावर मिळतात. त्या तारेवर वॉर्निश असते, त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही. जळक्या मोटारीची तार घरी जाळून काढू नये, तो धूर वाईट. दोन तऱ्हेची तार लागते. सांगाड्याला ०.८ मिलिमीटर जाडीची आणि बांधायला ०.३ मिलिमीटरची, दोऱ्यासारखी. हत्यारे म्हणजे गोल चोचीची पक्कड, चपट्या चोचीची पक्कड आणि कातर-पक्कड. तार तोडताना टोक तळहाताने झाकावे, नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जातो.

करायची रीत अशी. रुपयाएवढा खडा घ्यायचा. जाड तारेचे वीतभर लांबीचे तीन तुकडे शेजारी शेजारी धरायचे आणि मधोमध बारीक तारेचे चार वेढे द्यायचे. वेढे एकाला एक खेटून हवेत, एकावर एक चढता कामा नये. मग त्या जागी खड्याचा तळ टेकवायचा आणि दोन्ही बाजूंच्या तारा खड्याच्या कडेने वर आणायच्या. वर माथ्यावर सगळ्या तारा एकत्र करून पुन्हा वेढे द्यायचे. आता खडा पट्ट्यात उभा राहिला, पण पुढून मागून अजून मोकळाच आहे. खरे काम इथे आहे. पुढची तार चपट्या पकडीने दोन-तीन ठिकाणी किंचित आत ओढायची, म्हणजे ती खड्याच्या तोंडावर टेकते. तसेच मागच्या तारेचे करायचे. मधली तार कडेलाच राहते. म्हणजे खडा पुढे पडत नाही, मागेही नाही. माथ्यावरच्या दोन तारा गोल पकडीवर फिरवून कडी करायची, बाकीच्या गुंडाळून टोके आत दाबायची. टोक राहिले तर साडीचा धागा ओढते.

झाल्यावर पदक कानाजवळ हलवायचे. टकटक आवाज आला तर खडा सैल आहे. ताई तसले पदक विकत नाही, ते उसवून पुन्हा करते. पण तार सारखी सारखी वाकवता येत नाही. तांबे एकाच जागी वाकवले की आधी कडक होते आणि मग तुटते. तापवले की पुन्हा मऊ होते. नाशिकचे तांबट हंडा ठोकताना मधे मधे तापवतात ते ह्याच्यासाठी. आमची तार वॉर्निशची म्हणून तापवता येत नाही. वाकवण्याआधी मनात ठरवावे लागते.

तांबे आणि दागिना ही जोडी आजची नाही. नेवाशाला प्रवरेच्या काठी डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या काळातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांत दोऱ्याचा अंशसुद्धा शिल्लक होता! एरवी दोरा कधीच कुजून जातो, पण तांब्याच्या गंजाने तो राखला. मला हे वाचून त्या मुलाच्या आईचा विचार आला.

आमच्या आईची सोन्याची पोत पतसंस्थेत गहाण आहे. ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी ती ठेवली. आईच्या गळ्यात आता काळ्या मण्यांचा नुसता दोरा आहे. दिवाळीच्या आत पोत सोडवायची असे ताईने ठरवले आहे, म्हणून अभ्यास झाल्यावर ती रोज एक पदक करते. एका पदकाला दीड-दोन तास जातात. तार पंधरा-वीस रुपयांची लागते आणि पदक दीडशेला जाते. बचत गटाच्या जत्रेत अकरा गेली. एका बाईंनी तांबडा खडा उचलून विचारले, “हे पोवळं आहे का गं?” त्या तीनशे द्यायला तयार होत्या. मी ताईकडे बघितले. ताई म्हणाली, “नाही मावशी, अकीक आहे, आमच्या शेतातला.” बाईंनी खडा खाली ठेवला, दुसरीकडे जाऊन आल्या आणि शंभराला मागितला. ताईने दीडशेच सांगितले. त्या गेल्या. मला रडू येत होते. ते पदक अजून डब्यात आहे, सगळ्यांत चांगले बसलेले तेच आहे.

तांब्याची निगा सोपी. घामाने गळ्यावर हिरवा डाग पडला तर घाबरू नये, साबणाने निघतो. मळलेली तार चिंचेच्या कोळाने पुसावी व लगेच धुवावी.

आता चांगले खडे संपत आले आहेत. कुणाच्या शेतात तांबड्या किंवा पट्ट्याच्या गारा निघाल्या तर घरच्यांना विचारून मधल्या सुट्टीत माझ्याकडे आणा. उन्हात धरून बघा. आत चीर दिसली तर आणू नका, आवळताना फुटते.