आज्ञावली मध्येच का थांबते?

जबलपूरचा अक्षांश 23 अंश 10 कला उत्तर आहे. म्हणजे हे नगर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस येते. त्यामुळे 12 जूनच्या सुमारास व पुन्हा 30 जूनच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. कोणत्याही दिवशी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल, हे काढणारी आज्ञावली कोणी जबलपूरसाठी रचली आहे अशी कल्पना करू. यंत्र घेऊ ते 1975 साली निघालेले ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे एचपी-25. या खिशात मावणाऱ्या गणकयंत्रात 49 पायऱ्यांची आज्ञावली आणि आठ संख्या साठवता येत.

रीत सोपी आहे. स्थळाचा अक्षांश आणि सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, यांच्या साइनांचा गुणाकार करावा. तसाच कोसाइनांचा करावा. दोहोंची बेरीज ज्या कोनाची साइन असेल तो सूर्याचा उन्नतांश होय. जबलपूरचा अक्षांश बदलत नाही. म्हणून पायऱ्या वाचवण्यासाठी आपल्या रचनाकाराने कोष्टकातून त्याची साइन 0.3934 व कोसाइन 0.9194 घेऊन साठवून ठेवल्या.

आज्ञावली अकरा महिने निर्वेधपणे चालते. जूनचा पहिला आठवडा सरतो आणि ती थांबते. पडद्यावर ‘एरर’ हा शब्द येतो.

अशा वेळी यंत्र बिघडले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थांबण्याची कारणे मोजकीच असतात. चालू असताना एखादी कळ दाबली गेली, तर यंत्र थांबते. पायऱ्या संपून शून्याची पायरी आली, तरी थांबते. उत्तर यंत्राच्या आवाक्याबाहेर गेले, तरी तेच होते: 1 पासून 69 पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार सुमारे 1.7 गुणिले 10 चा 98 वा घात एवढा असून तो मावतो. 70 ने आणखी गुणताच घात 100 वर जातो आणि यंत्राची मर्यादा ओलांडली जाते. यांत ‘एरर’ हा शब्द मात्र अशक्य क्रियेसाठी आहे. शून्याने भागणे, ऋण संख्येचे वर्गमूळ काढणे ही तिची उदाहरणे. भाषांतरकार म्हणून मी त्या शब्दाला ‘चूक’ न म्हणता ‘अशक्य’ म्हणेन. यंत्र कोणाला दोष देत नसते.

येथे अशक्य ते काय? यंत्राची कळ आज्ञावलीच्या बाजूस सरकवली की कोणत्या पायरीवर ते अडले हे दिसते. अडले ते साइनवरून कोन काढण्याच्या पायरीवर. आता साठवलेल्या दोन संख्या तपासू. 0.3934 चा वर्ग 0.15476356, 0.9194 चा वर्ग 0.84529636, बेरीज 1.00005992. ही बेरीज बरोबर 1 यायला हवी. सूर्य माथ्याजवळ आला की उन्नतांशाची साइनही त्यामुळे 1 च्या पुढे जाते, आणि अशी साइन असलेला कोन अस्तित्वातच नाही.

ज्या दिवसांत यंत्र थांबले नाही, त्या दिवसांची उत्तरे कशी होती? डिसेंबरात चूक एका कलेच्या सहाव्या भागाएवढी, म्हणजे नगण्य. परंतु 6 जूनच्या सुमारास, खरा उन्नतांश 89 अंश 30 कला असताना, यंत्र सुमारे 89 अंश 46 कला दाखवते. पाव अंशाहून अधिक चुकलेले हे उत्तर ते बिनतक्रार देते. थांबते ते पुढच्या दिवसांत.

बेरीज 1 पेक्षा मोठी असल्यास ती 1 धरावी, अशी तुलनेची पायरी घालता येईल. मग यंत्र थांबणार नाही. पण जवळजवळ चार आठवडे सूर्य रोज माथ्यावरच असल्याचे सांगत राहील. त्यापेक्षा कोष्टकातील आकडे पुसून 23 अंश 10 कला हा कोनच साठवावा, आणि त्याची साइन व कोसाइन यंत्राकडूनच दहा अंकांपर्यंत काढून घ्याव्यात. दोन-चार पायऱ्या वाढतात. 49 मध्ये त्या सहज बसतात.