रात्री गंगावन उतरवताना



गेल्या महिन्यात एका मेहंदीच्या कार्यक्रमात एकाच घरच्या तीन पिढ्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. आजीच्या अंबाड्यात गंगावन होते. नातीच्या केसांना सलूनमध्ये कंबरेपर्यंत केस चिकटवलेले होते, ज्यांना इथे तोसफोत म्हणतात. मधली सून मला म्हणाली, "मावशी, तुम्ही नर्स होता, या दोघींना रात्री काय करायचं ते सांगा. एक काढत नाही आणि दुसरीला काढता येत नाही!" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर देताना मला माझी एक जुनी चूकही सांगावी लागणार आहे.

आधी गंगावनाचे. आपल्या वयात केस विरळ होतात, शेपटी उंदराची होते, मग चार माणसांत जाताना गंगावन घातले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्या आजीकडे एक होते, ती ते पत्र्याच्या डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवी. एली कदूरी शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या घालून झाल्या की ती स्वतःचा अंबाडा बांधायला बसे. आणि रात्री कितीही थकली असली तरी गंगावन उतरवल्याशिवाय पाठ टेकत नसे. तिला कारण माहीत नव्हते, सवय मात्र योग्य होती.

कारण असे. गंगावनाचा सगळा भार आपल्या थोड्याशा केसांच्या मुळांवर असतो. दिवसा मान सरळ असते तेव्हा ते सोसते. रात्री कूस बदलताना ते उशीखाली अडकते आणि दर वेळी मुळाला हिसका बसतो. असा ताण महिनोन्महिने चालला तर कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस जातात. सुरुवातीला सैल केले तर परत येतात, फार वर्षे दुर्लक्ष केले तर मूळच मरते आणि मग कोणतेही तेल लावून ते उगवत नाहीत.

दुसरे कारण मी वॉर्डात पाहिले आहे. आजारी म्हातारी बाई उताणी झोपलेली, डोक्याच्या मागे अंबाडा, त्यात चार आकडे. दोन दिवसांनी आकड्याखाली कातडी लाल, मग जखम. पाठीला आणि टाचांना शय्याव्रण होतात हे सगळ्यांना ठाऊक असते, डोक्याच्या मागे कोणी बघत नाही. मधुमेह असेल तर अशी जखम भरायला फार वेळ लागतो. म्हणून घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल तर आधी अंबाडा सोडा, आकडे मोजून काढा, आणि केसांची सैल वेणी एका बाजूला, खांद्यावरून पुढे घ्या.

रात्री काय करावे? आकडे एकेक करून काढावेत, ओढून नव्हे. गंगावन सोडवून मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून विंचरत वर यावे. वरून खाली ओढले की गुंता टोकाला जाऊन घट्ट बसतो. मग ते सुती पिशवीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घामाची ओल आत राहून कुबट वास येतो, बुरशीही धरते. दोनतीन आठवड्यांनी कोमट पाण्यात सौम्य शांपू घालून बुडवावे, चोळू नये, पंचात दाबून पाणी टिपावे आणि सावलीत टांगावे. इथले ऊन फार कडक, त्यात वाळवले तर केस काथ्यासारखे होतात.

मग आपले स्वतःचे केस. बोटांच्या टोकांनी टाळूवरून हात फिरवा. कुठे दुखते का, फोड आहे का, ते हातालाच कळते. चष्मा नसला तरी चालते. आवडत असेल तर थोडे खोबरेल लावा. खोबरेल केसाच्या आत शिरते, इतर बरीच तेले वरवर राहतात. आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, तेलाची महती आपल्याला दुसऱ्यांनी सांगायला नको! मात्र तेलकट हाताने न्हाणीघरातला दांडा धरू नका, हात सटकतो. केस ओले असतील तर झोपू नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. जे शब्बाथ काटेकोर पाळतात त्यांना शब्बाथला वेणी घालता येत नाही. त्यांनी शुक्रवारी दिवे लावण्याआधीच केस वाळवून सैल वेणी घालून घ्यावी. आणि दिव्यांवरून आठवले. बाजारात मिळणारी बरीच गंगावने नायलॉनसारख्या धाग्याची असतात. ती ज्योतीजवळ वितळतात आणि पेटतात. दिवे लावताना वाकण्याआधी वेणी मागे टाका, पदर किंवा ओढणी जशी सांभाळतो तशी.

आता नातींचे. चिमट्याने लावायचे केस असतील तर ते रोज रात्री काढलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पट्टीने चिकटवलेले, केराटिनने जोडलेले किंवा बारीक कड्यांनी अडकवलेले घरी काढता येत नाहीत. ते पूर्ण वाळवून, मुळाशी हाताने धरून, टोकाकडून विंचरून, सैल वेणी घालून झोपायचे. उशीला सॅटिनचा गुळगुळीत अभ्रा घातला तर घासणे कमी होते. इथे आज्यांना एक विनंती. प्रेमाने नातीच्या डोक्यावर तेल थापू नका. चिकटवलेल्या पट्ट्या तेलाने सुटतात, आणि सलूनमध्ये दिलेले पैसे उशीवर पडतात. टोकांना दोन थेंब लावले तर चालते, कारण त्या केसांना टाळूचे नैसर्गिक तेल मिळत नाही आणि ते कोरडे पडतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तशी जोडणी खाली सरकते आणि गुंतते. म्हणून पट्ट्या सहा ते आठ आठवड्यांनी सलूनमधून वर करून घ्याव्या लागतात. कड्या धातूच्या असतात, एमआरआयला जाताना आधी सांगा.

आता माझी चूक.

माझी चुलत जाऊ, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नातीच्या लग्नात तिने गंगावन घालून घट्ट अंबाडा बांधला होता, वर गजरा. चार दिवसांनी तिचा फोन आला. "अगं, डोकं हुळहुळतंय. फणी लावू देत नाही. उशीवर डोकं ठेवलं तरी कानशील दुखतं." मी म्हटले, "गंगावन ओढलं असेल. केस मोकळे सोड, तेल लाव, बरं वाटेल." आठवड्याने पुन्हा फोन. केस मोकळेच होते, तरी दुखणे तसेच. शिवाय जेवताना चार घास चावले की जबडा भरून येई, थांबले की बरे वाटे. मी म्हटले, "कवळी बघून घे." सकाळी खांदे आखडतात, भूक नाही, हेही ती म्हणाली होती. मी ते लग्नाच्या दगदगीवर ढकलले.

त्यानंतर तीन दिवसांनी ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "काल उजव्या डोळ्यापुढे पडदा आला होता. पाच मिनिटांत गेला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षे नर्सचा गणवेश घातलेली मी, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत मला ते सुचले नव्हते. टॅक्सी करून तिला त्याच संध्याकाळी मियूनमध्ये नेले. पण दुपारीच तो पडदा पुन्हा आला होता, आणि या वेळी गेला नव्हता.

या आजाराला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात, जुने डॉक्टर टेम्पोरल आर्टरायटिस म्हणत. डोक्याला रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींना सूज येते, विशेषतः कानशिलाच्या. आतली वाट अरुंद होते. टाळूला रक्त कमी पडले की केस विंचरताना दुखते, जबड्याला कमी पडले की चावताना दुखते, आणि डोळ्याच्या मज्जातंतूला कमी पडले की दृष्टी जाते. हा पन्नाशीनंतरचाच आजार आहे, सत्तरीत जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांत सूज दिसते, नंतर रोहिणीची सोनोग्राफी करतात किंवा तिचा लहानसा तुकडा काढून तपासतात. पण संशय बळकट असेल तर डॉक्टर निकालाची वाट बघत नाहीत, स्टेरॉइड लगेच सुरू करतात. कारण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही, आणि उपचार नसेल तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

जाऊबाईचा उजवा डोळा गेला. डावा वाचला. पुढे बराच काळ तिला स्टेरॉइड घ्यावे लागले, डोस हळूहळू कमी करत. असे औषध कोणी घेत असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यानेही जिवावर बेतते. साखर, रक्तदाब आणि हाडे यांच्याकडेही त्या काळात लक्ष ठेवावे लागते.

मग गंगावनाचे दुखणे कोणते आणि हे कोणते? गंगावनाचे दुखणे आकडा किंवा गाठ जिथे असेल तिथे असते, आणि केस सोडल्यावर एकदोन दिवसांत ओसरते. केस सोडूनही टाळू किंवा कानशील दुखतच राहिले, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली, तर कुपत होलिमच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा आणि "विंचरताना दुखते" हे शब्द जरूर सांगा. जबडा दुखतो का, हे त्यांनी विचारले नाही तरी सांगा. डोळ्यापुढे पडदा आला, एकाची दोन दिसू लागली, मग ते दोन मिनिटांत जावो की न जावो, डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका, थेट इस्पितळात जा. रात्री एकट्या असाल तर 101 ला फोन करा. मुलांना उगाच त्रास कशाला, असे म्हणत आपल्यातल्या कितीतरी बायका सकाळपर्यंत थांबतात. जाऊबाईही आदल्या रात्री तशीच थांबली होती.

ती अजून गंगावन घालते. आता चिमट्याचे हलके घेतले आहे, आरशाशिवाय हातानेच लावते. रात्री काढून पिशवीत ठेवले की मला फोन करते आणि मी न विचारताच सांगते, "टाळू बघितली गं, दुखत नाही."

पुढच्या अंकात टाचांच्या भेगांविषयी लिहीन.