गायरानातील मातीची मोजदाद

शेताचा बांध फुटून माती वाहून गेली, तर शेतकऱ्याच्या ते तत्काळ ध्यानात येते. गायरानातील माती कोणा एकाची नसल्याने तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. शिवाय तेथील धूप बहुधा सालकाढी असते. उघड्या जमिनीवरून पाण्याबरोबर मातीचा पातळ थर निघून जातो आणि ओघळी दिसू लागेपर्यंत बरीच हानी झालेली असते.

कोरडवाहू जमिनीच्या धुपेचे मोजमाप महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. उतारावर वाफे आखून, त्यांतून वाहणारे पाणी व गाळ टाक्यांत धरून मोजण्याची पद्धत तेथे अवलंबिली गेली. ती अचूक असली तरी खर्चिक आहे. ग्रामपंचायतीला किंवा शाळेला झेपेल असे साधन म्हणजे लोखंडी सळई.

करंगळीएवढ्या जाडीच्या सळया उताराच्या माथ्यावर, मध्यावर व पायथ्याशी, ओळीने, घट्ट मुरमापर्यंत ठोकाव्यात. प्रत्येकीचे डोके जमिनीच्या वर ५ सेंटिमीटर ठेवावे. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, जमीन पूर्ण कोरडी असताना, उघडी लांबी मोजावी. काळी माती ओलीने फुगते. म्हणून पावसानंतरच्या मापाशी उन्हाळ्यातील मापाची तुलना करू नये. सळईच्या बुडाशी पाणी घुटमळून खळगा पडतो, यास्तव माप दोन्ही बाजूंनी घेऊन सरासरी काढावी. गुरांच्या पायाने कललेली सळई हिशेबातून वगळावी. लोखंडाला बाजारात मोल असल्याने ठळक रंगविलेली सळई फार दिवस जागेवर राहत नाही! ती न रंगविता, जवळच्या खडकापासूनचे अंतर वहीत नोंदवून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली, तर ती १० घनमीटर भरते. तुडवलेल्या जमिनीत घनमीटरमागे सुमारे १.४ टन धरल्यास हे वजन १४ टन होते. समजा, २० सळयांची सरासरी २ मिलिमीटर आली, तर हेक्टरी २८ टन माती जागेवरून हलली. देशातील सरासरी धूप १९८३ च्या एका अभ्यासात हेक्टरी १६.३५ टन वर्तविण्यात आली होती. पायथ्याच्या सळया गाळात बुडालेल्या आढळल्यास ते माप वजा धरावयाचे, कारण ती माती गायरानातच राहिली आहे. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबणे मात्र युक्त नाही. दोन-चार मुसळधार सरीच वर्षाची बहुतेक माती नेतात आणि कमी पावसाच्या वर्षी जमीन सुधारल्याचा भास होतो.

याहून फसवा प्रकार निराळाच आहे. काही गायरानांवर आकडा वर्षानुवर्षे अल्प येतो, याचे कारण तेथे वाहून जाण्याजोगी माती फारशी उरलेलीच नसते. वर दगडगोटे, खाली मुरूम आणि मधूनमधून कुसळी. अशा ठिकाणी गवताचे थोंब चार बोटे उंच चौथऱ्यावर उभे दिसतात. चौथऱ्याची उंची म्हणजे पूर्वी गेलेल्या मातीची खूण होय. ती पट्टीने मोजून सळईच्या आकड्याशेजारी लिहावी.

चराईबंदीचा ठराव करणाऱ्या गावाने बंद क्षेत्रात व शेजारच्या खुल्या क्षेत्रात, सारख्याच उतारावर, सारख्याच सळया ठोकाव्यात. बंदीचा भार मेंढपाळावर व भूमिहीनाच्या शेळीवर सर्वांत आधी पडतो. तिची मुदत वाढवावयाची की चराई पाळीपाळीने खुली करावयाची, हे ठरविताना ग्रामसभेपुढे दोन्ही क्षेत्रांची किमान तीन वर्षांची मापे ठेवता आली पाहिजेत.