घरात अर्धा वॉट, मांडवात पन्नास

फेंडर, मार्शल, व्हॉक्स अशा नावाजलेल्या अ‍ॅम्प्सच्या आवाजाची एकाच खोक्यात डिजिटल नक्कल करतो तो मॉडेलिंग अ‍ॅम्प. लाइन सिक्सच्या १९९८ सालच्या ‘पॉड’पासून हे तंत्र हौशी गिटारवाल्यांच्या हाती आलं. पुण्यात फ्लॅटमध्ये राहून आणि रिसेप्शनपासून गणपतीच्या मांडवापर्यंत वाजवून माझी काही मतं पक्की झाली आहेत.

१. मॉडेलं मोजू नका. ‘सर, यात शंभर अ‍ॅम्प्स आहेत’ हे दुकानदार सांगणारच. रोज लागतात तीन आवाज: क्लीन, क्रंच आणि सोलोसाठी लीड. दुकानात आधी क्लीन ऐका, तोही अगदी बारीक आवाजात. डिस्टॉर्शनखाली सगळं झाकलं जातं. अ‍ॅम्पचा कस क्लीनवर लागतो.

२. घरी कमी आवाजात भरदार वाजणं महत्त्वाचं. यामाहाच्या टीएचआर-१० मध्ये जेमतेम तीन इंची दोन स्पीकर आहेत, पण टेबलावर ठेवून वाजवायला तो झकास. बॉसच्या कटाना-५० ला बारा इंची स्पीकर आणि पॉवरचं बटण आहे: ५०, २५ किंवा अर्धा वॉट. अर्ध्यावर ठेवलं की मास्टर चढवूनही शेजारचे काका बेल वाजवत नाहीत.

३. वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० चे १०० वॉट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरचा आकार बघा. फेंडरचा मस्टँग एलटी-२५ आठ इंची स्पीकरचा. घरात उत्तम, पण ड्रमर रंगात आला की तुमचं तुम्हालाच ऐकू येणार नाही.

४. घरचा पॅच, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंग्ज, स्टेजवर चालत नाही. हे सगळ्यात जास्त छळतं. रात्री हेडफोन लावून बनवलेला आवाज लाजवाब वाटतो: खाली घसघशीत बेस, वर चकाकी, भरपूर गेन, भोवती रिव्हर्ब. तोच मांडवात लावला की गिटार गायब! याचं कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की, हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो आणि स्टेजवर आवाज चढला की तेच अंगावर येतात. शिवाय बेस गिटार आणि किक ड्रम खालची जागा आधीच अडवून बसलेले असतात, वरची झांजा. गिटारची जागा मधली, म्हणजे मिड्समध्ये. मी मांडवासाठी वेगळाच पॅच ठेवतो: बेस कमी, मिड्स वर, गेन घरच्यापेक्षा बराच खाली, रिव्हर्ब नावापुरता. तो एकटा ऐकला तर रुक्ष वाटतो, अगदी नाकात बोलल्यासारखा. बँड सुरू झाला की बरोब्बर बसतो. आणि हा पॅच बनवायचा तो तालमीत, सगळे वाजवत असताना.

५. गिगला जायचं तर लाइन आऊट हवाच, आणि तोही कॅबिनेटचा आवाज धरून देणारा. नाहीतर साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये नुसती मधमाशी शिरते. ऑर्केस्ट्रात गिटारसाठी माइक शिल्लक असेलच, या भरवशावर राहू नये. वजनही बघा. फेंडरचा टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब व्हॉल्व्हवाल्या मूळ अ‍ॅम्पच्या साधारण निम्म्या वजनाचा आहे. किंमत मात्र हौशी माणसाला घाम फोडणारी!

६. सगळं मोबाइल अ‍ॅपवर चालणारा अ‍ॅम्प मी गिगला नेत नाही. गाणं चालू असताना हाताला नॉबच सापडायला हवा.

७. अमेरिकेहून येणारा भाचा ‘आणू का?’ विचारतो, तेव्हा आधी मागची पट्टी वाचायला सांगा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० छापलेलं असेल तर प्रश्न मिटला. वायर थेट अ‍ॅम्पात जात असेल आणि पट्टीवर फक्त १२० असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे प्रत्येक गिगला आणखी एक जड डबा. आणि वॉरंटी तिकडचीच.